कॅप्टन हेरॉनची मंजुरी

चौथ्यांदा नकार आला तेव्हा माझा भाऊ कॅझ दुकानातल्या खुर्चीत नुसता बसून राहिला. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. आमच्या घराण्यात माणूस असा गप्प बसला की डॉक्टरला बोलवायची वेळ आली असं समजतात.

"वाच," तो म्हणाला. "काय लिहिलंय ते वाच."

वाचायला होतंच काय? मंजुरीच्या कागदावर खाली दोन चौकोन असतात. 'मंजूर'चा कोरा होता, 'नामंजूर'मध्ये फुली होती, आणि शेऱ्यासाठी सोडलेल्या चार ओळींपैकी पहिल्या ओळीवर, शाळेत छडी खाऊन घोटलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'हा तो नाही.'

"मागच्या तीन वेळाही हेच होतं," मी म्हटलं.

"तो नाही म्हणजे कोण नाही? पोलिसांनी ओळख पटवायला उभा केलेला चोर आहे का तो? आठ इंची प्लॅस्टिकची फिगर आहे, बर्नी! जुन्या फिगरवरून केसाच्या जाडीइतकाही फरक न करता काढलेली!"

एकतीस वर्षं चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याचे दाखले लिहून मी निवृत्त झाले, आणि दोन वर्षांपूर्वी कॅझने मला या भानगडीत ओढलं. म्हणाला, तुला कागद कळतात, मला खेळणी कळतात, आपलं छान जमेल. त्याला खेळणी कळतात हे खरं. आमच्या एरी शहरातल्या अर्ध्या पुरुषांसारखी त्यानेही साच्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. कारखाना बंद पडल्यावर त्याने एक जुनं केशकर्तनालय भाड्याने घेतलं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे सुपरहिरो नव्याने काढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण, तर पंचावन्न वर्षांचे, ढेरपोटे, बहुतेकांचे गुडघे गेलेले पुरुष. त्यांच्यासमोर 'बाहुला' म्हटलेलं खपत नाही. 'फिगर' म्हणायचं.

मला आजतागायत हा धंदा कळलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. जुनी फिगर खोक्यात न उघडता राहिली असेल तर चौदाशे डॉलर. तीच फिगर एखाद्या मुलाने काढली, तिच्याशी खेळला, तिला उशाशी घेऊन झोपला, तर साठ. म्हणजे जिच्यावर कुणी माया केली नाही तिला किंमत जास्त! मी हे एकदा एका प्रदर्शनात एका गिऱ्हाइकाला बोलून दाखवलं, तर त्याने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, जणू बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमच्या नव्या फिगरची किंमत कॅझने अडतीस डॉलर ठेवली. मी विचारलं, पंचवीस का नको, जास्त खपतील. तो म्हणाला, पंचवीसला ठेवली तर लोक म्हणतील स्वस्तातला माल आहे, आणि कोणीच घेणार नाही. महाग ठेवली म्हणून घेतात! मी डोक्याला हात लावला आणि पावत्या करत बसले.

तर या कॅप्टन हेरॉनचं असं. निळा-करडा पोशाख, उंच कॉलरचा झगा, आणि नावाप्रमाणे बगळ्यासारखी लांब मान. १९७४ साली जिरार्ड गावातल्या एका खेळण्यांच्या कंपनीने तो काढला. कंपनी बुडाली ब्याऐंशीमध्ये. शेवटच्या पगाराला पैसे नव्हते, म्हणून मालकाने ज्याने हेरॉन घडवला त्या कारागिराला, लाइल ट्राउटवाइनला, पगाराऐवजी हेरॉनचे हक्कच लिहून दिले. तेव्हा तो कागद कोणी चहाच्या कपाखालीही ठेवला नसता. लाइल जाऊन आता वीस वर्षं होत आली, आणि हक्क आहेत त्याच्या बायकोकडे, ओपल ट्राउटवाइनकडे. वय शहाऐंशी. कॅझने तिच्याकडून लायसन्स घेतलं. दर फिगरमागे सहा टक्के तिचे, आणि माल निघण्याआधी नमुना तिला दाखवायचा, तिने सही केल्याशिवाय एकही फिगर विकायची नाही. हे कलम सगळ्याच लायसन्समध्ये असतं. मोठ्या कंपन्यांची माणसं वर वर पाहतात आणि सही ठोकतात. म्हातारीही ठोकेल असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिला नकार आला तेव्हा कॅझ म्हणाला, डोळ्यांचा रंग चुकला असेल. डोळे बदलले. दुसरा आला तेव्हा कापड. मी तीन दिवस जुन्या कापडाच्याच विणीचा तुकडा शोधत फिरले. तिसरा आला तेव्हा कॅझला साक्षात्कार झाला.

"पैसे!" तो म्हणाला. "म्हातारी पक्की आहे. तिला जास्त टक्के हवेत आणि तोंडाने मागायचे नाहीत."

त्याने सहाचे आठ केले आणि पत्र पाठवलं. त्यावर तिचा फोन आला. मीच घेतला.

"हे आठ टक्के कशाला?" ती म्हणाली.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, मिसेस ट्राउटवाइन."

"मला बरंच आहे. सहा ठरलेत ना? मग सहा. आणि अडतीस डॉलर किंमत लावलीय म्हणे तुम्ही? आमच्या वेळी दोन डॉलर एकोणपन्नास सेंटला मिळायचा. लाज नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं, कारण खरंच वाटते. "पण नमुन्यात तुम्हाला खटकतंय काय, तेवढं सांगा ना."

"ते मला कळलं असतं तर लिहिलं नसतं का पोरी?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि आता हा चौथा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं आमचं चाललं होतं, आणि आग नेमकी कुठे आहे ते जिच्या घरात लागली तिलाही ठाऊक नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत सही नाही आली," कॅझ म्हणाला, "तर चीनमधला कारखाना आपली पाळी दुसऱ्याला देईल. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही. सहाशे चाळीस जणांनी आगाऊ पैसे भरलेत, ते परत मागतील. ते पैसे साच्यात गेलेत, बर्नी." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि घर गहाण आहे. मार्गीला माहीत नाही."

मार्गी म्हणजे माझी भावजय. मला त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याच्या टकलावरून हात फिरवावासाही वाटला. दोन्ही केलं नाही. त्याच्या काचेच्या कपाटातून मी जुना हेरॉन काढला. खोक्यातला नव्हे, खेळलेला, साठ डॉलरवाला. आणि गाडीची किल्ली घेतली. उद्या शुक्रवार होता.

"त्याला कुठे नेतेस?"

"दोन्ही तिच्या समोर ठेवते. म्हणते, दाखवा फरक."

"ती खोकं उघडते का ते बघ," कॅझ मागून ओरडला. "नमुन्याचं खोकं उघडायचं नसतं!"

जिरार्डला जाताना काचा खाली केल्या तर मळ्यांवरून पिकलेल्या द्राक्षांचा वास येत होता. एरवी मला तो आवडतो. त्या दिवशी मी काचा परत वर केल्या.

ओपलबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्यात दोन चष्मे होते आणि तिसरा डोक्यावर. बाई ठेंगण्या, ताठ. स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी मला कॉफी दिली आणि चॉकलेटात बुडवलेल्या जाळीदार मिठाईची बशी पुढे सरकवली. टेबलाच्या कडेला आमचे चारही नमुने ओळीने बसवले होते. चारही खोकी फोडलेली. चौघांचेही झगे थोडे तिरके.

"तुम्ही उघडलेत," मी म्हटलं.

"मग? कपडे काढले, परत चढवले. आणखी कसं बघतात?"

आम्ही डोळे रंगवत होतो, कापड शोधत होतो, टक्के वाढवत होतो, आणि ही बाई चेहऱ्याकडे बघतच नव्हती!

"मी त्याच कारखान्यात कपडे चढवायच्या लाइनवर होते," त्या म्हणाल्या, जणू ते जगाला माहीत असायला हवं. "आठ वर्षं. पाळीला नऊशे. लोक म्हणतात, लाइलने हेरॉन केला. लाइलने उघडा केला. माणसात आणला तो मी."

मी पर्समधून जुना हेरॉन काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हा बघा मूळ. आणि हे आमचे. आता तुम्हीच सांगा."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा कुठे मिळाला? माझ्याकडे एकही नाही. कामावरची वस्तू कोण घरी आणतं?"

त्यांनी तो उजव्या हातात घेतला आणि डाव्या हाताने झगा सोडवला, पोशाख उतरवला, पुन्हा चढवला. बोटांची पेरं सुजलेली होती, पण हात कसे जायचे ते हातांना माहीत होतं. बघत मात्र त्या खिडकीबाहेर होत्या. मग म्हणाल्या, "हाच तो."

"आणि हे?"

त्यांनी आमचा चौथा नमुना घेतला, उतरवायला गेल्या आणि थांबल्या. "हा सटकतो. हा हातात बसतच नाही. हा तो नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. सगळं वजन, सगळं माप तेच होतं. मी दोघांनाही उघडं केलं, शेजारी शेजारी धरलं, उलटं केलं, आणि खिडकीच्या उजेडात नेलं. तेव्हा दिसलं. जुन्याच्या मानेमागे, एरवी कॉलरखाली झाकलं जातं तिथे, एक उथळ खळगा होता. मटाराच्या दाण्याएवढा. आमच्याची मान गुळगुळीत.

मी तिथूनच कॅझला फोन लावला.

"मानेमागे खळगा आहे जुन्याच्या. आपल्याला का नाही?"

"अगं, तो दोष आहे!" कॅझ म्हणाला. "जाड जागी प्लॅस्टिक गार होताना आक्रसतं आणि वर खळगा पडतो. पहिल्याच दिवशी दिसला, मी भरून टाकला. एरीतला कुठला माणूस तो तसाच ठेवेल? माझ्या फोरमनने मला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? दात घासले म्हणून कोणी सांगत फिरतं का?"

ओपलबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी जुन्याच्या मानेवर अंगठा ठेवला, काढला, परत ठेवला.

"दोष?" त्या म्हणाल्या. "पण लाइल कधी दोष सोडत नसे. एका कानासाठी त्याने आठवडा घालवलाय." त्या उठल्या आणि आतल्या खोलीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "त्याची हत्यारं यात आहेत. मेणाचाही असेल. मी उघडला नाही कधी."

डब्यात कोरण्या, वाकवलेल्या तारा आणि फडक्यात गुंडाळलेलं तपकिरी मेणाचं एक डोकं होतं. खांद्यापर्यंतचं. यावरूनच पुढे साचा झाला. मी ते उलटं केलं.

"कॅझ," मी फोनवर म्हटलं. "मेणालाही खळगा आहे."

"हे कसं शक्य आहे?" तो म्हणाला. "आक्रसतं ते प्लॅस्टिक. कोरलेल्या मेणाला आपोआप खळगा पडत नाही, बर्नी. तो कोणीतरी हाताने केलाय. कशासाठी करेल कोणी?"

मी फिगर माझ्या डाव्या हातात धरली, उजव्याने कपडे चढवतात तशी. माझा अंगठा खळग्यावर गेलाच नाही, पलीकडच्या बाजूला पडला. खळगा मधोमध नव्हताच, उजवीकडे होता. मी ओपलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मेणाचं डोकं उजव्या हातात घेतलं होतं, आणि त्यांचा अंगठा त्या खळग्यात असा बसला होता की नख तेवढं वर दिसत होतं.

"तुम्ही डावखुऱ्या आहात," मी म्हटलं.

"अख्ख्या लाइनीत मी एकटीच." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हेरॉनच्या आधी आम्ही काउबॉय करायचो. ते माझ्या हातातून सटकायचे. अंगठा असा सुजायचा की रात्री मी तो थंड पाण्यात घालून बसायची. पाळीला पाचशेसुद्धा व्हायचे नाहीत. फोरमनने सांगितलं होतं, नाताळपर्यंत बघतो, नाहीतर घरी बस. मग हेरॉन आला आणि माझा हात बसला. बाकीच्या बायकांचा नाही, माझाच. महिन्याभरात नऊशे. मला लाइनची मुख्य केली. लाइनीतल्या मेव्हिसला डावलून मला. ती माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही."

"त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"कोणी, लाइलने? त्याने केक आणला होता. म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो, तुझ्या हातात कला आहे!"

कॅझ फोनवरून काहीतरी ओरडत होता. मी फोन कानाला लावला. तो म्हणत होता, खळगा परत घालायला एक दिवस लागेल, फक्त एक दिवस, कारखान्याला आत्ता कळवतो, पण सही आजच आण, काहीही कर. गिऱ्हाइकांना तर हे हवंच असेल, तो म्हणाला, ही गोष्ट खोक्यावर छापली तर पंचेचाळीस डॉलर लावता येतील. मी फोन बंद केला. माझा भाऊ वाईट नाही, पण कधीकधी त्याला बंद करावं लागतं.

"मिसेस ट्राउटवाइन," मी म्हटलं, "खळगा परत घातला तर तुम्ही सही कराल?"

"हो, आण कागद." त्यांनी तीनही चष्मे चाचपून त्यातला एक लावला, 'मंजूर'च्या चौकोनात खूण केली, डाव्या हाताने सावकाश सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. कॅझचं घर वाचलं. मी सुटकेने हसले आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी आमचा गुळगुळीत मानेचा नमुना ओढून घेतला होता आणि त्याचे कपडे उतरवत होत्या.

"घड्याळ आहे ना तुझ्याकडे? लाव."

मी लावलं. त्यांनी पोशाखात पहिला पाय घातला. फिगर फिरली. पुन्हा धरली. दुसरा पाय गेला, तेवढ्यात ती टेबलावर पडली. त्यांनी उचलली. बाही चढेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो फटकन झटकला. झगा बांधून होईपर्यंत चार मिनिटं वीस सेकंद झाली होती.

"आता हा," म्हणून त्यांनी जुना घेतला. दोन मिनिटं पाच.

"वयामुळे," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही छत्तिशीच्या होतात. आत्ताच्या बोटांवरून काय कळणार?"

"तेच तर. ते नऊशे माझ्या हाताचे की खळग्याचे, हे आता कळायचा रस्ताच नाही." त्यांनी मेणाचं डोकं फडक्यात गुंडाळलं, मग परत सोडलं. "त्याने तो खळगा माझ्यासाठी केला, की मला जमणार नाही असं वाटून केला? शेचाळीस वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. एकदा बोलायचं होतं! मी भांडले असते. आठवडाभर अबोला धरला असता. मग कदाचित त्याचा मुकाही घेतला असता. आता काय करू, थडग्यावर जाऊन भांडू?"

मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी मिठाईचा एक तुकडा तोंडात कोंबला, नाहीतर रडले असते. आणि लाइल ट्राउटवाइन मला चांगला माणूस वाटावा की लबाड, हेही मला ठरवता येईना. अजून आलेलं नाही.

निघताना त्यांनी दारात माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"पोरी, खरं सांग," त्या म्हणाल्या. "मला येत होतं ना गं काम?"

मी म्हटलं, "हो, येत होतं." त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग दार लावून घेतलं.